फोटोला पाठ नसते

तिला सगळे टाचणी म्हणायचे. कॉलेजात हे नाव पडलं ते तोंडात सदानकदा टाचण्या धरून बोलायच्या सवयीमुळे, आणि घरी टिकलं ते बोलणंही तसंच टोचरं म्हणून. फॅशनच्या शेवटच्या वर्षाला होती. या वयात माणसाला मतं असतातच, पण टाचणीची मतं म्हणजे कपाट उघडलं की अंगावर कोसळणाऱ्या कपड्यांसारखी. एकाला हात लावावा तर पाठोपाठ सगळीच खाली.

नवी फॅशन म्हणजे काय, तर आईच्या पिढीनं लाजून कपाटाच्या तळाशी दडपलेलं काहीतरी, हे तिचं पहिलं मत. पँटचे पाय रुंद झाले की समजायचं, लोक अरुंद पायांना कंटाळलेत. त्यात क्रांतीबिंती काही नसते, हे दुसरं. कॉलेजात सगळे नखशिखान्त काळे कपडे घालून येत. एखादा नवखा माणूस आवारात शिरला असता तर त्याला वाटलं असतं, कुणीतरी गेलेलं दिसतंय. स्वतंत्र विचारांच्या सगळ्या मुलांना एकाच रंगाचा विचार कसा सुचतो, असं टाचणी विचारायची. तीही काळ्याच कपड्यांत असायची, ही गोष्ट वेगळी.

पण तिचं सगळ्यात लाडकं मत फोटोबद्दल होतं. फोटोत हसणं म्हणजे कपड्याचा अपमान, असं ती म्हणे. चेहरा हसला की बघणारा चेहऱ्याकडे बघतो आणि कपडा बिचारा दारातच उभा राहतो.

"असं होय," आई म्हणाली होती, "म्हणजे आमच्या लग्नाच्या फोटोत तुझे बाबा कपड्यांचा मान राखत होते. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांना मी आवडले नव्हते."

यावर ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. ताई म्हणजे टाचणीची थोरली बहीण. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा चढवायच्या, आरसा समोर धरायचा, आणि "कानामागे टोचतंय का? खरं सांगा हं, लाजू नका," असं प्रत्येकाला विचारायचं. तिच्या हातचा चष्मा घालून गेलेलं माणूस पुन्हा तक्रार घेऊन आलं असं सहसा होत नसे. स्वतः मात्र ती आरशात जेमतेम केस बघण्यापुरती बघायची.

तर आता मुद्द्याचं. वर्षाच्या शेवटी कॉलेजचा मोठा शो व्हायचा. बाहेरची मोठमोठी माणसं बघायला यायची आणि बघता बघता एखाद्याला आपल्याकडे कामाला बोलवून टाकायची. सगळ्यांना काही त्यात जागा नसे. आधी प्रत्येकानं आपल्या एका कपड्याचा एकच फोटो द्यायचा. त्यातून मोजके निवडायचे. मग त्यांची चालती ट्रायल, आणि त्यातून शोची शेवटची नावं. टाचणीला त्या शोमध्ये जायचंच होतं. इतकं, की त्याबद्दल तिचं एकही मत नव्हतं.

तिनं एक लांब राखाडी कोट केला होता. कापड उत्तम, बेतणी उत्तम, शिवण तर अशी की उलटा घातला तरी चालावं. फोटोसाठी ठरवलेली मुलगी ऐन वेळी आजारी पडली, आणि मग अडला हरी म्हणतात तसं झालं. टाचणीनं ताईला गळ घातली. ताईनं दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर येऊन उभी राहिली, कारण या वर्षी सगळ्यांना फोटोच्या मागे सिमेंटची भिंत लागत होती.

फोटो काढायला टाचणीचा वर्गमित्र आला होता. त्याला सगळे झूम म्हणत. पोरगा हुशार होता, पण कुठल्याही गोष्टीकडे तो दोन बोटांच्या चौकटीतून बघे, अगदी जेवणाच्या ताटाकडेसुद्धा.

ताईनं कोट चढवला आणि टाचणीचं तोंड उतरलं. कोट कॉलेजातल्या पुतळ्याच्या मापावर बेतलेला. ताई खांद्यात अरुंद, अंगानं शेलाटी. काठीला गोधडी अडकवावी तसा तो कोट लोंबत होता.

"मागून आवळ," झूम म्हणाला. "फोटोला पाठ नसते."

हे या धंद्यातलं नेहमीचंच. दुकानाच्या काचेतले पुतळे मागे जाऊन बघा, प्रत्येकाच्या पाठीवर टाचण्या सापडतील. टाचणीनं कोटाचं जास्तीचं कापड मागे मुठीत गोळा केलं. शिवणकामाचे लहान चिमटे त्या जाडीपुढे टिकेनात. मग झूमच्या बॅगेतून परीक्षेच्या पॅडला असतात तसले दोन मोठे लोखंडी चिमटे निघाले. ते लावल्याबरोबर कोट पुढून असा बसला की टाचणीनं स्वतःशीच मान डोलावली.

"ताई, आता भिंतीला टेक. नीट टेक, पूर्ण. हां. आणि हलू नको."

ताई टेकली. किंचित एका अंगावर कलली, हनुवटी वर गेली, डोळे कुठेतरी लांब लागले. खांद्यापासून कमरेपर्यंत कोटावर एक तिरकी चुणी उतरली, जणू कुणी हळूच कापड ओढून धरलंय. झूमनं श्वास रोखून फोटो काढले. ताई तेवढा सगळा वेळ हलली नाही. टाचणी खूश होऊन म्हणाली, "अगं, तू तर जन्मजात मॉडेल निघालीस."

फोटोनं कॉलेजात धुमाकूळ घातला. जिन्याजवळच्या फळ्यावर तो लागला आणि त्यापुढे पोरं घोळक्यानं उभी राहायला लागली. विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्या चष्मा काढून, चष्मा घालून, पुन्हा काढून बघत राहिल्या. "ही नजर," त्या म्हणाल्या. "हा नकार आहे. ही बाई जगाला सांगते आहे की मला तुमची गरज नाही. आणि चुणीतून तोच नकार कपड्यात उतरलाय." पोरांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, यात जुन्या चित्रांतल्या राण्या दिसतात. दुसरी म्हणाली, राण्या नाहीत, एकटेपणा दिसतो. टाचणीला फोटोसोबत कोटामागच्या कल्पनेचं निवेदन लिहून द्यायचं होतं, तिनं त्यात राण्याही घातल्या आणि एकटेपणाही. मोजक्या नावांत तिचं नाव आलं. ट्रायलला तोच कोट हवा, तीच मॉडेल हवी, आणि मोठ्या मॅडमनी बजावून सांगितलं, तीच चुणी आणि तीच नजर.

घरी फोटो दाखवला तेव्हा ताईनं तो दिव्याखाली नेऊन बघितला.

"ही मी आहे?" तिनं विचारलं.

"मग कोण, शेजारीण?"

"चांगली दिसतेय की गं मी." असं म्हणून ती उगाचच आमटी ढवळायला स्वयंपाकघरात गेली. आई फोटो लांब धरून म्हणाली, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ही मुलगी अशी कुणाकडे बघताना मी तरी बघितलेली नाही." आईकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता खरी पंचाईत सुरू झाली. ट्रायलला चालायचं होतं, वळायचं होतं, पाठ दाखवायची होती. पाठीवर चिमटे लावून कसं चालणार? म्हणजे ती चुणी शिवून पक्की करायला हवी होती. टाचणीनं कापड दुमडून शिवलं, तर चुणी मेल्यासारखी पडली. आतून कडक अस्तर दिलं, तर ती पत्र्यासारखी उभी राहिली. तिरकं कापून बघितलं, वाफ देऊन बघितली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत आणि पीळ मात्र बेपत्ता. टाचणीच्या अगदी नाकी नऊ आले. जेवताना ती पानाऐवजी स्वतःच्या बाहीकडे बघत बसायची.

शेवटी रविवारी सकाळी तिनं ठरवलं, जसंच्या तसं पुन्हा उभं करायचं आणि चुणी येते कुठून ते जवळून बघायचं. ताईला कोट घातला, मागे तेच लोखंडी चिमटे लावले आणि कपाटाला टेकून उभं केलं.

"नीट टेक. पूर्ण."

ताई टेकली. एका अंगावर कलली, हनुवटी वर गेली, नजर लांब लागली, आणि चुणी आली. अशी आली की टाचणी गुडघ्यावर बसून तिच्याकडे बघतच राहिली.

"हेच. ताई, हेच. हलू नको. मला बाजूनं बघू दे."

ती बाजूला गेली. कपाट आणि पाठ यांच्यामधल्या फटीतून तिनं डोकावलं. चिमट्याची लोखंडी दांडी ताईच्या पाठीत रुतली होती. ताई जमेल तेवढं त्या बाजूचं अंग उचलून धरत होती, आणि त्या उचलून धरण्यानं खांद्यापासून कमरेपर्यंत कापड ताणलं जात होतं.

"ताई, हे टोचतंय तुला?"

"टोचणारच की. लोखंड आहे ते."

"मग फोटोच्या वेळी?"

"तेव्हा जरा जास्तच. भिंत होती ना मागे. कपाटाचं एवढं नाही."

टाचणीनं चिमटे काढले, कोट उतरवला, ताईचा सदरा मागून वर केला. पाठीच्या कण्याशेजारी हिरवट पडत चाललेला एक डाग होता आणि त्याच्या मधोमध खरवडल्याची लहानशी खपली.

"अगं मग बोलायचं ना. तोंड नव्हतं का तुला?"

"तू म्हणालीस, हलू नको," ताई म्हणाली. "आणि तुझा चेहरा कसा झाला होता माहितीये? लहानपणी दुकानातली बाहुली मिळाल्यावर झाला होता तसा. म्हटलं, चार मिनिटांचा तर प्रश्न आहे."

राण्या गेल्या, एकटेपणा गेला, जगाला दिलेला नकार गेला. राहिली एक बहीण, जी दुसऱ्यांच्या कानामागे टोचू नये म्हणून दिवसभर विचारत फिरते आणि स्वतःच्या पाठीत लोखंड रुतलं तर चार मिनिटं गप्प उभी राहते. टाचणीला स्वतःचा राग आला, आणि राग आला की ती नेहमी दुसऱ्यावर काढायची, तसा तिनं तो ताईवरच काढला. "मोठी शहाणी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं झूमला सगळं सांगितलं. झूमनं दोन बोटांच्या चौकटीतून तिच्याकडे बघितलं.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "अस्तराच्या आत एक चिमटा शिवून टाक. चालताना टोचत राहील. चुणीही येईल, नजरही येईल. मॉडेल लोक याहून काय काय सोसतात, आणि ताई तर घरचीच आहे."

टाचणी त्याला काहीबाही बोलली. पण ऐकलेलं काही कानातून निघून जात नाही. घरी आल्यावर तिनं चाचरत ताईसमोर विषय काढला, म्हणजे झूम किती वेडा आहे बघ, अशा सुरात काढला. ताई म्हणाली, "मग शिव की. अगं, तुझा शो आहे. मी तर आरशासमोर ते तोंड करून बघतेय रोज, पण टोचल्याशिवाय काही जमत नाहीये." आणि तिनं ते तोंड करून दाखवलं. जगाला नकार देण्याऐवजी ती बस चुकल्यासारखी दिसत होती. दोघी हसल्या. पण टाचणी हसता हसता सुई शोधायला लागली होती, हे इथे सांगायलाच हवं. शोमध्ये जायचं होतं तिला. जिवापाड जायचं होतं.

चिमटा नेमका कुठे आला पाहिजे, याला माप हवं. जरा इकडे झाला तर टोचणार नाही, जरा तिकडे झाला तर चालताच येणार नाही. टाचणीनं गळ्यातली टेप काढली आणि ताईच्या मानेपासून खाली धरली. ताई सरळ उभी राहिली, हात बाजूला, अगदी शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी. आणि टेपवरचा आकडा वाचता वाचता टाचणी थांबली.

तिनं आजवर पुतळ्यांची मापं घेतली होती, वर्गातल्या मुलींची घेतली होती, आईची, शेजारणीची, एकदा तर शेजारणीच्या कुत्र्याचीसुद्धा. ताईचं माप तिनं कधीच घेतलं नव्हतं. आज पहिल्यांदा टेप लावली होती, ती कुठे टोचेल ते बघायला.

तिला लाज वाटली. अशी, की कान तापले. तिनं टेप पुन्हा वर नेली आणि नीट पहिल्यापासून सुरुवात केली. खांदा, छाती, कंबर, पाठीची रुंदी, हाताची लांबी. ताईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरासा खाली होता. दुकानात दिवसभर त्याच हातानं आरसा धरून तसा झाला असावा. टाचणीनं तेही लिहून घेतलं.

मग तिनं कोट उसवला. कॉलेजभर गाजलेला, फळ्यावर लागलेला कोट शिवणीशिवणीतून मोकळा केला आणि पुन्हा बेतला. आई दारात येऊन बघून गेली आणि बाबांना म्हणाली, "आपली धाकटी कामाला लागली की घरात बोलायची सोय नाही." बाबा म्हणाले, "नसू दे. तेवढीच शांतता." टाचणीनं कोटाला खिसे लावले. आधी नव्हते, खिशांनी रेघ बिघडते असं तिचं मत होतं. ते मत तिनं बाजूला ठेवलं.

ट्रायलच्या दिवशी हॉलमध्ये समोर टेबल मांडलेलं होतं. मध्ये मोठ्या मॅडम, दोन्ही बाजूंना बाहेरून बोलावलेले दोन परीक्षक, त्यातले एक नावाजलेले फोटोग्राफर. ताईचं नाव पुकारलं तेव्हा टाचणी पडद्याआड उभी होती. तिनं ताईचा हात दाबला आणि म्हणाली, "तुला हवं तशी चाल."

ताई चालत गेली. कोट तिच्या अंगावर असा बसला होता की तो कोट आहे हे विसरायला व्हावं. पुढून बघा, बाजूनं बघा, मागून बघा, कुठे आवळलेलं नाही, कुठे लोंबत नाही. अर्ध्यात पोचल्यावर तिचा हात आपसूक खिशात गेला. टेबलासमोर ती थांबली, चक्क पूर्ण गोल फिरली आणि सवयीनं परीक्षकांकडे बघून हसली, चष्म्याच्या दुकानात कुणी आत आलं की हसते तशी. परीक्षकांपैकी एक नकळत उलट हसला.

मग मोठ्या मॅडमनी टाचणीला पुढे बोलावलं.

"शिवण उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "वर्गातली सगळ्यात उत्तम म्हणेन. पण चुणी कुठे आहे? ती नजर कुठे आहे? हा तर नुसता एक चांगला कोट झाला."

"मॅडम, ती नजर नव्हती," टाचणी म्हणाली. "पाठीत लोखंडी चिमटा रुतत होता तिच्या. चुणी त्याचीच होती. मी निवेदनात लिहिलं ते सगळं मागाहून सुचलेलं."

फोटोग्राफर पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत खरं कुतूहल होतं, वाईट माणूस नव्हता तो.

"पण मग ते परत आणता येईल?" त्यांनी विचारलं. "म्हणजे कसं झालं ते तुम्हाला आता माहीत आहे."

टाचणीनं ताईकडे बघितलं. ताई बाजूला उभी राहून मान डोलावत होती. येईल म्हण, येईल म्हण, असं चालवलं होतं तिनं.

"आणता येईल," टाचणी म्हणाली. "मी आणणार नाही."

तासाभरात नावं लागली. टाचणीचं नाव नव्हतं. झूमच्या फोटोला मात्र वेगळं बक्षीस होतं, आणि तो बिचारा इतका ओशाळला होता की पहिल्यांदाच त्यानं चौकट न करता तिच्याकडे बघितलं. टाचणीनं त्याला अभिनंदन म्हटलं आणि बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिला रडू येत होतं. योग्य वागलं की आतून बरं वाटतं असं लोक सांगतात. तिला अजिबात बरं वाटत नव्हतं. जागा गेली होती आणि ती तिला हवी होती.

ताई येऊन शेजारी बसली.

"मी हसले म्हणून गेलं ना?"

"हो," टाचणी म्हणाली. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"मग आधी सांगायचंस. नसते हसले."

"म्हणूनच नाही सांगितलं."

वारा सुटला होता. थोड्या वेळानं ताई उठली, कोट काढून नीट घडी घालायला लागली, कोपऱ्याला कोपरा लावून, परत करायची वस्तू घालावी तशी.

"काढलास कशाला?" टाचणी म्हणाली.

"कॉलेजात ठेवायचा असेल ना. नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला घालशील."

"दुसऱ्या कुणाला बसणारच नाही तो. तुझा उजवा खांदा खाली आहे, तो कोटाचाही खाली आहे. तुझाच आहे तो, ताई."

ताईनं पुन्हा बसून घडी मांडीवर ठेवली आणि त्यावरून हात फिरवला. मग ती म्हणाली, अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, "लहानपणी मला सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचे. दोन वर्षं पुरावं म्हणून. आणि अंगाला बसायला लागेपर्यंत तू तेवढी झालेली असायचीस, मग ते तुला."

टाचणीनं तोंड फिरवलं, पण उपयोग झाला नाही. ती रडली, अगदी नाक वाहीपर्यंत रडली, आणि आता ते शोसाठी नव्हतं.

"घाल तो," ती नाक पुसत म्हणाली. "गार आहे बाहेर."

ताईनं कोट घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि दोघी बसथांब्याकडे चालायला लागल्या.